ऑइल न पिणारं इंजिन

चौथ्या खोलीतलं इंजिन गेले बेचाळीस दिवस पळत होतं आणि कुठेच पोचत नव्हतं. त्याला पोचायचं नव्हतंच. लोखंडी चौकटीला बांधून त्याला रात्रंदिवस पळवायचं, हजार तास भरले की थांबवायचं आणि मग कागदावर लिहून द्यायचं, की ही गाडी गिऱ्हाइकाच्या दारात दीड लाख किलोमीटर सुखाने नांदेल. हजार तासांचे दीड लाख किलोमीटर कसे होतात याचं गणित कारखान्यात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो नोकरी सोडून गेला होता.

इंजिन लहान, तीन सिलेंडरचं. ज्या गाडीत ते बसणार ती गाडीही लहानच. चार माणसं आरामात बसतील, पाचवं बसलं तर आपसातली ओळख वाढेल, एवढी. पण तिचं ॲव्हरेज असं होतं, की शेजारच्या कारखान्यातले लोक ते ऐकून आधी हसले, मग गप्प झाले. चाळीस हजार लोकांनी गाडी न बघताच नाव नोंदवलं होतं.

या ॲव्हरेजमागे जी बाई होती तिला सगळे रिंगबाई म्हणत. पिस्टनच्या रिंगा तिच्या. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब अडवतात. तिसरी, खालची, सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून परत तळाच्या ऑइल चेंबरमध्ये पाठवते. या तिसरीचं काम घरातल्या धाकट्या सुनेसारखं, कुणाच्या लक्षात न येणारं. रिंगबाईच्या लक्षात आलं, की ही तिसरी भिंतीला गरजेपेक्षा जास्त घट्ट धरून बसते आणि इंजिनाची निम्मी ताकद त्या ओढाताणीत जाते. निम्मी हे जरा जास्त झालं, पण ती सभेत असंच म्हणायची. तिने रिंग बारीक केली, तिचा ताण सैल केला. लिटरमागे दीड किलोमीटर वाढले. त्याला चार वर्षं लागली आणि तेवढ्यात तिचे केस पुढून पांढरे झाले.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता चाचणीचा अहवाल सहीसाठी तिच्या टेबलावर आला. हजार तास व्हायला अजून सत्तावीस तास होते, पण अहवाल तयार होता. चांगल्या बातमीला लोक थांबत नाहीत.

सतराव्या पानावर ऑइलचा आलेख होता. आडवी, सरळ रेघ. पहिल्या तासापासून आजपर्यंत लेव्हल मार्कावर. कुणीतरी बाजूला पेन्सिलने ‘वा’ असं लिहिलं होतं.

रिंगबाईने सही करायला पेन उघडलं आणि तसंच धरून बसली. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल पितं. चांगलं इंजिन कमी पितं, वाईट इंजिन जास्त पितं. एक थेंबही न पिणारं इंजिन आणि कधीच खोटं न बोलणारा माणूस, दोघांचीही तपासणी नीट झालेली नसते. तिने पेन बंद केलं आणि ती चौथ्या खोलीकडे निघाली.

खोलीला जाड काच होती. काचेच्या आत इंजिन, बाहेर घड्याळं, आणि घड्याळांपुढे पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर नाना. नानाची तीस वर्षं या खुर्चीवर गेली होती आणि खुर्चीने त्याचा आकार घेतला होता. खुर्चीखाली एक ॲल्युमिनियमची किटली होती.

“नाना, हे काय?”

“किटली.”

“आत काय आहे?”

“चहा नाही, एवढं नक्की.”

“नाना.”

“ऑइल आहे बाई. शिफ्ट देताना लागतं.”

“कशाला लागतं?”

नानाने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की हिला एवढं शिकवलं कुणी आणि हे कसं सांगितलं नाही. “लेव्हल थोडी उतरते. आता पुढच्याच्या हातात उतरलेलं इंजिन द्यायचं का? बरं दिसतं का ते? म्हणून मार्कापर्यंत भरतो आणि मग देतो.”

“थोडी म्हणजे किती?”

“घोटभर.”

“पहिल्या दिवसापासून घोटभरच?”

नाना विचारात पडला. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. “पहिल्यांदा घोटभर. मग कपभर झालं. आता...” त्याने पायाने किटली जरा मागे सारली. “आता म्हणजे किटली.”

“आणि फॉर्मवर काय लिहिता?”

“लेव्हल मार्कावर. खोटं नाही लिहीत मी. असतेच ना मार्कावर. भरल्यावर.”

“दुसऱ्या शिफ्टचे भरतात?”

“छे. त्यांना कुठली एवढी माया.”

दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. त्याला तिने फोन लावला. तो म्हणाला, “भरतो ना मॅडम, रोज भरतो. पण नानांना सांगू नका. त्यांना वाटेल त्यांच्या शिफ्टला नावं ठेवतोय.” तिसऱ्या शिफ्टचा झोपला होता. फोन त्याच्या बायकोने घेतला. “इंजिनाला पाजतात ते ना? ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “घरातल्या झाडांना कधी पाणी घातलं नाही या माणसाने.”

कोपऱ्यात ऑइलचं पन्नास लिटरचं पिंप होतं, याच इंजिनासाठी आणलेलं. रिंगबाईने लांब पट्टी आत घातली, बाहेर काढली, पुसली, परत घातली. सुरुवातीला एकदा आणि बदलताना तीनदा, अशा चार भरण्यांचे बारा लिटर गेले असतील, तर आत अडतीस हवेत. पट्टी अकरा सांगत होती. सत्तावीस लिटर कुठे गेले ते सांगायला पट्टीची गरज नव्हती. तीन लिटरचं चेंबर या इंजिनाने नऊ वेळा पिऊन टाकलं होतं. धूर निळा निघाला असणार, पण धुराडं छपराच्या वर होतं. तो निळा रंग फक्त कावळ्यांनी बघितला असेल, आणि त्यांना कुणी फॉर्म दिला नव्हता.

ती भिंतीला टेकली. भिंतीवर तिच्या डोक्याच्या वर एक सूचना होती: ‘शिफ्ट देताना ऑइलची लेव्हल मार्कावर हवी. नसल्यास पुढील ऑपरेटर शिफ्ट घेणार नाही.’ खाली चाचणी विभागाच्या प्रमुखांची सही. आठ वर्षांपूर्वी एक इंजिन कोरडं पडून जळालं होतं, त्यानंतर ही सूचना लागली होती. प्रमुख म्हणजे तिचे थोरले दीर. घरी ती त्यांना भाऊजी म्हणायची, इथे साहेब. ते घरी तिला अगं म्हणायचे आणि इथे मॅडम. वरच्या मजल्यावर ते आणि जाऊबाई राहायचे, खालच्या मजल्यावर ही, हिचा नवरा आणि सासूबाई.

भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग केबिनचं दार लावलं.

“अगं,” ते म्हणाले, आणि दार लागलेलं असूनही आवाज खाली आणला, “हे आत्ता कुणाला बोललीस?”

“नानांना विचारलं फक्त.”

“म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळेल. उद्या मोठे साहेब येतायत. बारा वाजता हजार तास पुरे होणार, फोटो निघणार. काय सांगायचं त्यांना? नाना घोटभर म्हणतो आणि घोट कपाएवढा असतो म्हणून?”

“पिंप बघा ना.”

“पिंप गळतं म्हणतील. म्हणतीलच. मी त्यांच्या जागी असतो तर मीच म्हटलं असतं.”

तिला पुढचं दिसत होतं आणि ते फार स्पष्ट दिसत होतं. गिऱ्हाईक बॉनेट उघडत नाही. नव्या गाडीत काही होणार नाही. तीनचार वर्षांत, हमी संपली की थोड्याच दिवसांत, तिसरी रिंग ऑइल सोडायला लागेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये कुठल्यातरी चढावर चेंबर रिकामं होईल. चाळीस हजार गाड्या. तसं होऊ द्यायचं नसेल तर तिसरी रिंग परत जाड करावी लागेल, ॲव्हरेज जाईल, गाडी आठ महिने मागे पडेल, आणि ज्या ड्रॉइंगवर तिची सही आहे ते सगळ्यांसमोर फळ्यावर टाचलं जाईल.

“मग पुरावा करू,” ती म्हणाली. “आता शेवटचं मार्कापर्यंत भरायचं, झाकणाला सील लावायचं आणि हजार तासांपर्यंत एक थेंब घालायचा नाही. पंचवीस तासांत किती उतरतं ते मोजायचं. ते गळतं असं तर कुणी म्हणणार नाही.”

“आणि कोरडं पडलं तर?”

“आत्ताच्या वेगाने दीड लिटर जाईल. दीड उरेल. तेवढ्यावर चालतं.”

“कागदावर.”

“हो.”

“कागदावर ते इतके दिवस एक थेंब पीत नव्हतं,” भाऊजी म्हणाले. पण त्यांनी खणातून सीलची तार काढून दिली. ऑइल कमी उतरेल आणि सगळं निभावून जाईल, अशी त्यांना आशा होती. खरं सांगायचं तर तिलाही होती.

अकरा वाजता नानाने किटली रिकामी केली आणि तिने झाकणाला सील ठोकलं. तासांचं घड्याळ नऊशे पंचाहत्तरवर होतं. चेंबरच्या बाजूला काचेची उभी नळी होती, तिच्यात सोनेरी रेघ बरोबर मार्कावर. नाना हात पुसत उभा राहिला.

“उपाशी मारता बाई त्याला?”

“नाही मारत.”

“आमच्या घरात कुत्र्यालासुद्धा असं बांधून ठेवत नाही,” तो म्हणाला आणि उरलेला दिवस तिच्याशी बोलला नाही.

शुक्रवारी सकाळी न्याहारीला रिंगबाईने पावाला दोनदा लोणी लावलं आणि खाल्लं नाही. भाऊजी जिन्यावरून खाली आले, चहा घेतला, साखर घातली, परत घातली आणि ढवळली नाही. सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

“कोणी मेलंय का?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही,” भाऊजी म्हणाले.

आठ वाजता दोघे कारखान्यात पोचले. नळीतली रेघ खालच्या मार्काच्या बोटभर खाली होती. कागदावरच्या हिशोबापेक्षा खाली. नानाने रात्रीचे आकडे लिहिलेला कागद न बोलता पुढे केला. तिसऱ्या शिफ्टच्या माणसाने प्रत्येक आकड्यापुढे एक उसासा लिहावा तसं टिंब काढलं होतं.

“वेग वाढतोय,” ती म्हणाली.

“ऑइल कमी झालं की उरलेलं जास्त तापतं,” नाना म्हणाला. “तापलं की पातळ होतं. पातळ झालं की रिंगेला सापडत नाही.” हे त्याने कालच्या रागातच सांगितलं, पण बरोबर सांगितलं.

साडेनऊला रेघ नळीच्या तळाशी गेली. दहाला नळीत काही दिसेना. आता आत किती आहे ते कळायला एकच साधन होतं, ऑइलच्या दाबाचा काटा. तो तीनवर असायला हवा. तो तीनवर होता. दाब पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी एक यंत्रणाही होती, पण ती विनाकारण थांबवते म्हणून पाच वर्षांपूर्वी तिची वायर काढली होती. काढल्यापासून तिने एकदाही विनाकारण थांबवलं नव्हतं.

तिघे काट्यापुढे बसले. मोठ्या साहेबांची गाडी साडेअकराला येणार होती. बाहेर कुणीतरी फीत बांधत होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी काटा पहिल्यांदा हलला. चाचणीत दर सात मिनिटांनी येणारी पूर्ण जोराची पाळी आली तसा तो अडीचवर आला आणि परत वर गेला. नानाने श्वास सोडला. सात मिनिटांनी पुन्हा जोराची पाळी आली. काटा दोनवर. वर जायला त्याने वेळ घेतला. पंपाच्या तोंडी ऑइलच्या जागी मध्येच हवा येत होती. काचेतून इंजिनाचा आवाज तोच होता. बेअरिंग तक्रार करायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

“अजून अठ्ठेचाळीस मिनिटं,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि खोलीत पंखा चालू होता.

पुढची पाळी अकरा एकोणीसला. काटा दीडवर आला आणि तिथे थरथरत राहिला.

भाऊजी उठले. खुर्चीखालची किटली त्यांनी उचलली आणि पिंपाकडे गेले. “अर्धा लिटर,” ते म्हणाले. “अर्धाच. सील मी तोडतो, फॉर्मवर मीच लिहितो. मोजायचं ते मोजून झालंय. आता इंजिन तरी वाचव.”

“भाऊजी, नको.”

“अगं जळेल ते. आठ वर्षांपूर्वी मी इथेच उभा होतो.”

“भरलंत तर हजार होतील. हजार झाले की अहवाल पास. सील तोडलं, थोडं घातलं, एवढंच कुणीतरी तळटीपेत लिहील. तळटीप कोण वाचतं?”

“मग चालू दे असंच. निभलं तर निभलं.”

“निभलं तरी पास. आणि जळालं, तर म्हणतील बाईने सील लावून उपाशी मारलं, कुठलंही इंजिन जळेल. आतलं सगळं वितळलं की रिंग निर्दोष. मग तिला कोण विचारतंय.”

हे बोलताना तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. भरलं तर तिची रिंग वाचते. नशिबाने चाललं तर वाचते. जळालं तरी वाचते. तिला काहीच करायची गरज नव्हती. नुसतं अडतीस मिनिटं खुर्चीवर बसायचं होतं.

काटा एकवर आला.

नाना वळून तिच्याकडे बघत होता. भाऊजींच्या हातातली किटली अर्धी भरली होती आणि त्यांनी ती पुढे धरली होती, तिला द्यावी तशी.

लाल बटण नानाच्या खुर्चीच्या उजवीकडे होतं. रिंगबाई वाकली आणि तिने ते तळहाताने दाबलं.

इंजिन दोनतीन गचके देऊन थांबलं. बेचाळीस दिवस तो आवाज सगळ्यांच्या कानात इतका मुरला होता, की तो गेल्यावर शेजारच्या खोल्यांतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. तासांचं घड्याळ नऊशे नव्याण्णव तास बावीस मिनिटांवर उभं होतं.

“फिरवून बघा,” ती म्हणाली.

नाना आत गेला. पान्याने त्याने इंजिन हाताने फिरवलं. एकदा. पुन्हा. काचेतून त्याने मान हलवली. मोकळं फिरत होतं, आत काही चिकटलं नव्हतं. भाऊजी किटली मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

मोठे साहेब पाच मिनिटं आधीच आले. मोठी माणसं वेळेआधी येतात ती नेमकी अशाच दिवशी. त्यांच्यामागे दोन फोटोवाले आणि कात्रीचा ट्रे धरलेली एक मुलगी. साहेबांनी आधी नळीकडे बघितलं. त्यांना यंत्रांची आवड होती.

“वा, किती स्वच्छ ठेवलंय,” ते म्हणाले. “आरपार दिसतंय.”

भाऊजींनी मांडीवरची किटली खुर्चीखाली सरकवली.

“झाले का हजार?”

“अडतीस मिनिटं कमी,” भाऊजी म्हणाले.

“मग चालू करा की. मी थांबतो.”

“चालू करता येणार नाही साहेब. ऑइल नाही त्यात.”

“मग घाला.”

“तेच करत होतो,” भाऊजी उभे राहत म्हणाले. “बेचाळीस दिवस. तीन शिफ्टचे तीन जण, एकमेकांना न सांगता. माझी सूचना आहे तशी, ती बघा. सत्तावीस लिटर घातलं आणि लेव्हल मार्कावर असं लिहिलं. यांचा दोष नाही, मीच सांगितलं होतं.”

“सत्तावीस?” साहेबांनी फोटोवाल्यांना हाताने बाहेर जायला सांगितलं. कात्रीवाली मुलगी आपणहून गेली. “कुठे गेलं एवढं?”

“जळालं,” रिंगबाई म्हणाली. “इंजिन उघडायला परवानगी द्या. आजच, आत्ताच. नाहीतर सोमवारपर्यंत आमच्यातल्या प्रत्येकाला वेगळं कारण सुचेल.”

साहेबांनी तिच्याकडे, मग घड्याळाकडे बघितलं. आजवर हजाराच्या आत थांबलेलं इंजिन त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. तसली इंजिनं त्यांच्यापर्यंत पोचतच नसत. “मी जेवून येतो,” ते म्हणाले. “उघडा.”

साहेब दोनला परत आले आणि दार अडवून खुर्ची टाकून बसले. त्यामुळे मग कुणालाच बाहेर जाता येईना. इंजिन निवेपर्यंत वाट बघायची कुणाची तयारी नव्हती. नाना आणि लवकर बोलावून घेतलेला पैलवान जाड हातमोजे घालून काम करत होते. पैलवानाने चेंबर खोललं. आतून एका पेल्यात मावेल एवढं काळं ऑइल निघालं. पैलवान ते बघून म्हणाला, “मी काल सील नसतं तर घातलं असतं,” आणि नाना म्हणाला, “म्हणजे तूसुद्धा खरंच घालायचास?” आणि दोघे एकमेकांकडे बघत राहिले. बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा.

चारच्या सुमाराला पहिला पिस्टन फडक्यावर आला. रिंगबाईने हातमोजा काढला. वरची रिंग तिने नखाने सरकवली, फिरली. दुसरी फिरली. तिसरीवर नख ठेवलं आणि जोर लावला. ती हलली नाही. ती खाचेत बसली होती, आणि तिच्यामागची ऑइल परत पाठवायची बारीक भोकं एकूणएक काजळीने बुजली होती. सैल रिंगेकडून सुटलेलं ऑइल तिथेच जळत गेलं, जळून तिलाच गच्च करत गेलं. नख मोडलं तरी ती जागची हलेना.

बाकीचे दोन पिस्टनही तसेच निघाले.

मोठे साहेब खुर्ची सोडून टेबलाशी आले. त्यांनी एक पिस्टन उचलला, उजेडाकडे धरला, त्या काळ्या खाचेवरून बोट फिरवलं.

“हे सुधारायला किती दिवस?”

“आठ महिने. आणि ॲव्हरेज लिटरमागे एकाने खाली येईल. कदाचित दीडने.”

“दीडने आलं तर आपल्यात आणि शेजारच्यांच्यात फरक काय राहिला?”

“काही नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी पिस्टन फिरवून दुसरी बाजू बघितली.

“ही तिसरी रिंग,” त्यांनी विचारलं. “ही कोणी केली?”

नानाने खाली बघितलं. पैलवान पाने पेटीत लावायला लागला, लावलेले काढून परत लावायला लागला.

“मी,” रिंगबाई म्हणाली.

साहेबांनी मान हलवली, पिस्टन जपून फडक्यावर ठेवला आणि हात पुसायला काहीतरी मागितलं.